संकरित मोटारीचे तेल

१९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये टोयोटाची 'प्रियस' ही संकरित, म्हणजे हायब्रिड मोटार विक्रीस आली. तिच्यात पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर अशी दोन्ही असतात. चौकात गाडी थांबली की इंजिन बहुधा आपोआप बंद होते. तुम्ही म्हणाल, "मग वंगणाचे तेल बदलण्याचा खर्चही वाचेल!"

इथेच फसगत होते. १ लिटर पेट्रोल जळताना सुमारे १ लिटर पाणी तयार होते. ते बहुतेक वाफेच्या रूपाने बाहेर पडते; थोडी वाफ मात्र पिस्टनच्या कडेने तेलापर्यंत पोचते. इंजिन चांगले तापलेले असेल, तर ती उडून जाते. पण जवळच्या फेऱ्यांत संकरित मोटारीचे इंजिन पुरते तापतच नाही. वाफेचे पाणी होऊन तेलात मिसळते व वंगण बिघडते. म्हणून किलोमीटर भरले नाहीत, तरी पुस्तिकेतील मुदत संपताच तेल बदलावे.

खरी बचत होते ती ब्रेकमध्ये. वेग कमी करताना मोटरच जनित्र बनते, गतिज ऊर्जेची वीज बॅटरीत साठते आणि ब्रेक कमी झिजतात. तेव्हा ब्रेकचे पैसे खुशाल वाचवा, तेलाचे नको!