घोटभर जेलीचं माप

अमेरिकेत डिसेंबरातल्या पार्टीसाठी केलेला जेलो शॉट म्हणजे दोन औंसांचा, साधारण ६० मिलिलिटरचा प्लास्टिकचा कप. त्यात तळाशी क्रॅनबेरीचा लाल थर, मध्ये कंडेन्स्ड मिल्कचा पांढरा, वर लिंबाचा हिरवा, आणि त्यावर भुरभुरलेली पेपरमिंटच्या गोळ्यांची पूड. कप जरा दाबायचा, कडेने जीभ फिरवायची आणि सगळा ऐवज एकदम तोंडात घ्यायचा. कॉलेजातल्या पोरांचा उद्योग म्हणून जाणती माणसं याकडे पाहून नाक मुरडतात. पण तो करताना जवळून पाहिला की ध्यानात येतं, यातलं सगळं कसब मापाचं आहे, आणि ते माप खाणाऱ्याच्या नव्हे, करणाऱ्याच्या हातात असतं. चांगला जेलो शॉट कमी दारूचाच असतो, असं माझं म्हणणं आहे. जिलेटीनचा स्वभाव आणि पाहुण्यांची काळजी, दोन्ही वाटा त्याच मापाशी येऊन मिळतात.

आधी जिलेटीनचं पाहू. गुरांच्या किंवा डुकरांच्या कातडी-हाडांतल्या कोलॅजेनपासून काढलेलं हे प्रथिन. गरम पाण्यात त्याचे तंतू सुटे होतात, आणि गार होताना पुन्हा एकमेकांत गुंतून पाणी धरून ठेवणारं जाळं विणतात. बिनचवीची पूड वापरायची तर ती आधी थंड पाण्यात पाचेक मिनिटं फुलू द्यावी लागते. थेट उकळत्या पाण्यात टाकली तर कणांवर बाहेरून चिकट थर धरतो, आत कोरडी पूड राहते आणि गुठळ्या काही केल्या मोडत नाहीत. स्वाद घातलेल्या तयार पुडीला ही धास्ती नसते, कारण तिच्यातली साखर कण एकमेकांपासून वेगळे ठेवते. दोन्ही प्रकारांत विरघळवायला गरम पाणीच लागतं. वोडका त्या कामाची नाही, जिलेटीन मद्यार्कात विरघळतच नाही. मद्यार्काचं प्रमाण फार वाढलं तर पाण्यात एकजीव झालेलं जिलेटीनही तंतू-गोळे होऊन वेगळं पडतं. म्हणून दारूला जागा उरते ती फक्त मागाहून घालायच्या थंड पाण्याची, आणि त्या जागेतही ती जितकी जास्त, तितका शॉट मऊ आणि लिबलिबीत. साच्यातून काढून ताटात मांडला की तो खाली बसतो, कडा ढासळतात. मद्यार्क ७८ अंशांच्या आसपास उकळतो, तेव्हा वाफाळत्या पाण्यात दारू ओतण्यातही शहाणपण नाही. मिश्रण निवू द्यावं, मगच घालावी.

थरांचं काम तर घाई करणाऱ्याला अजिबात साधत नाही. जिलेटीनची जेली साधारण ३५ अंशांना वितळते, म्हणजे वरचा थर कोमट ओतला तरी खालचा विरघळून लाल-पांढऱ्याचा गुलाबी गिचका होतो. वरचं मिश्रण हाताला गरम लागेनासं झालं पाहिजे, तरी घट्ट होऊ लागलेलं नको. खालचा थर बोट लावलं तर हलावा, पण किंचित चिकटावा. तो पूर्ण घट्ट आणि गुळगुळीत झाला तर वरचा त्याला धरत नाही, खाताना थर सुटून घसरतात. ओतायचं तेही चमच्याच्या पाठीवरून, म्हणजे धारेने खड्डा पडत नाही. ताजा अननस, किवी किंवा पपई यांत घालायची नाही, कारण त्यांतली विकरं प्रथिनाचे तुकडे करतात आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवूनही कपात सरबतच राहतं. डब्यातला अननस चालतो, डबाबंद करताना दिलेल्या उष्णतेने ती विकरं निकामी झालेली असतात. पांढऱ्या थरात काही जण रम घालतात. मला तो थर बिनदारूचाच ठेवणं पटतं. तो नीट घट्ट होतो, वरच्या-खालच्या दोघांना धरून ठेवतो, आणि एका कपातली दारू एक तृतीयांशाने आपोआप कमी होते.

आता हिशेब मांडू. थरांचा विचार बाजूला ठेवून एकाच स्वादाचा साधा घाणा घेऊ. ८५ ग्रॅमची तयार पुडी, २४० मिलिलिटर उकळतं पाणी, आणि मागाहून १२० मिलिलिटर थंड पाणी व १२० मिलिलिटर वोडका. साखरेची भर धरून यात प्रत्येकी ४५ मिलिलिटरचे बाराएक कप भरतात. ४० टक्क्यांच्या वोडकातून ४८ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क आला, म्हणजे कपागणिक ४. अमेरिकेत एक प्रमाणित पेय १४ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ १८ मिलिलिटर मद्यार्काचं धरतात. तेव्हा या घाण्यातले चार कप खाऊनही एक पेय पुरतं होत नाही. पण थंड पाणी वगळून सगळी २४० मिलिलिटर वोडकाच घातली, तर कप तेवढेच, रंग तोच, चवही फारशी वेगळी नाही, आणि कपागणिक ८ मिलिलिटर. पाच कप खाणारा पहिल्या घाण्यात एका पेयाच्या जरा पुढे जातो, दुसऱ्यात दोनाच्याही पुढे. तो मोजतोय कप. मिलिलिटर फक्त करणाऱ्याला ठाऊक असतात.

यावर कोणी म्हणेल, ग्लासातली दारू तरी कोण मोजून पितो? मोजत नाही हे खरं, पण ग्लास त्याला सांगत असतो. नाकाला वास येतो, घशाला जळजळ होते, घोटामागे घोट घेताना वेळ जातो, पातळी उतरताना दिसते. जेलीत साखर, आंबटपणा आणि थंडावा मिळून तो वास आणि ती जळजळ झाकून टाकतात, आणि घोट-घोट घेण्याची सोयच राहत नाही. ही शंका काही आजची नाही. जेरी थॉमस या न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध बारटेंडरने १८६२ साली काढलेल्या पुस्तकात पंचची जेली दिली आहे, आणि तिथेच बजावलं आहे की ती बेतानेच घ्यावी, कारण तिचा जोर लपून राहतो. त्याच्या कृतीत आयसिंग्लास आहे, माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून काढलेलं. पालघरच्या किनाऱ्यावर घोळ माशाच्या ज्या अवयवाला सोन्याचा भाव येतो, तोच हा अवयव. पुढे गणितज्ञ आणि गीतकार टॉम लेहरर यांनी १९५०च्या दशकात, लष्करी नोकरीत असताना, नाताळच्या पार्टीसाठी वोडका घालून जेली केली. तळावर मद्यपेयांना बंदी होती, आणि जेली काही पेय नव्हे, अशी ती पळवाट होती. नियमाला फसवणारा तो गुण पाहुण्यालाही फसवतो, हे मात्र विसरता कामा नये.

दुसरा आक्षेप सरळ आहे: इतकी कमी दारू घालायची तर खटाटोप कशाला? कारण हा पदार्थ रंगासाठी, तोंडात विरघळण्यासाठी आणि सगळ्यांनी एकदम कप उचलण्याच्या मजेसाठी केला जातो. ते सगळं ४ मिलिलिटरमध्ये पूर्ण मिळतं. झिंग हवी त्याला बाटली शेजारीच असते, आणि ती आपलं माप लपवत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. न्यू जर्सीतल्या मराठी घरातल्या पार्टीत शाकाहारी पाहुणे असणारच, आणि त्यांना जिलेटीन चालत नाही. त्यांच्यासाठी आपल्या ओळखीचं चायना ग्रास आहे. ते समुद्री शेवाळातून येतं, त्यात प्रथिन नसल्याने ताजा अननसही चालतो. मात्र ते नीट उकळूनच विरघळवावं लागतं, आणि ४० अंशांच्या खाली उतरता उतरता ते गोठू लागतं. त्यामुळे फ्रीजमधली गार वोडका ओतली तर जागच्या जागी कण धरतात. ती खोलीच्या तापमानाची हवी आणि पटकन ढवळायला हवी. हा शॉट पुन्हा वितळायला ८५ अंशांच्या आसपास उष्णता लागते, म्हणून तो तोंडात विरघळत नाही, त्याचे ठिसूळ तुकडे पडतात आणि तो चावून खावा लागतो. जिलेटीनची ती रेशमी घसरण यात नाही, हे कबूल केलंच पाहिजे. पण चावायला वेळ लागतो, आणि एकामागून एक कप रिचवण्याचा वेग त्यानेच मोडतो. हे कप वेगळ्या ताटात ठेवावेत, बिनदारूचे वेगळ्या रंगात करून तिसऱ्या ताटात, आणि दारूची दोन्ही ताटं मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर. प्रत्येक ताटापुढे जाड अक्षरांत चिठ्ठी हवी: जिलेटीन की चायना ग्रास, दारू कोणती, आणि किती कपांचं एक पेय होतं.