भाड्याच्या घराचा कागद

खडकवासला २०२१ साली पुणे महापालिकेत आले, पण तेथे भाड्याचा व्यवहार पुष्कळदा अजून तोंडीच चालतो. आमच्याकडून कापड नेणाऱ्या एका शिंपी बांधवाची वीज घरमालकाने तोडली. कागद नाही म्हणून बिचारा गप्प बसला. ही समजूत चुकीची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य. (नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, यात आम्हीही फसलो होतो.) योग्य कारणाशिवाय वीज-पाणी तोडणे कलम २९ खाली गुन्हा. भाड्याची पावती दरमहा घ्यावी. वकिलाची ऐपत नसल्यास शिवाजीनगर न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रियांना तर उत्पन्न न पाहता वकील मोफत मिळतो.