हेडलाइट मिणमिणतोय? आधी स्विच तपासा

धान कापणीच्या हंगामात लाखांदूर परिसरात अंधार पडल्यावरही ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर असतात. अशा वेळी हेडलाइट गेला की बल्ब बदलायची घाई होते. दोष मात्र स्विचमध्येही असू शकतो.

60 वॉटचे दोन बल्ब 12 व्होल्टवर सुमारे 10 अँपियर करंट ओढतात. रिले नसेल तर तो सगळा स्विचमधून जातो, पॉइंट तापतात, काळे पडतात. स्विच गरम लागणं ही पहिली खूण!

फ्यूज, अर्थिंग ठीक असेल तर स्विच चालू करून टेस्ट लॅम्प लावावा. इनपुटला पेटला, आउटपुटला नाही, तर स्विच गेला.

बदलताना आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी, जोडणीचा फोटो घ्यावा. सोबत फ्यूजसह रिले बसवावाच. मग स्विचवर साधारण पाव अँपियरचाच भार उरतो.