टिक्स: गोळीआधी सराव

मूल सारखी मान झटकतं, घसा खाकरतं आणि घरचे ओरडतात, "बंद कर ते!" पण हा खोडसाळपणा नव्हे; अशा आपोआप होणाऱ्या झटक्यांना आणि आवाजांना टिक्स म्हणतात. झटक्याच्या क्षणभर आधी बहुतेकांना त्या जागी खाज किंवा ताण जाणवतो. टिक होऊन गेली की बरं वाटतं. मानसशास्त्रज्ञ अझ्रिन आणि नन यांनी 1973मध्ये मांडलेली सवय-बदलाची पद्धत नेमका हाच क्षण पकडते. मूल आधी ती चाहूल ओळखायला शिकतं. मग मान झटकावीशी वाटली, की हनुवटी किंचित खाली घेऊन मानेचे स्नायू हलकेच आवळून धरायचे, मिनिटभर किंवा ऊर्मी ओसरेपर्यंत. खाकरण्याऐवजी नाकाने संथ श्वास. हे नुसतं दाबून धरणं नाही, शरीराला दुसरं काम देणं आहे.

अमेरिकेत 126 मुलांवर झालेल्या, 2010मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या पद्धतीवर आधारलेला उपचार मिळालेल्या निम्म्याहून थोड्या अधिक मुलांना 10 आठवड्यांत स्पष्ट फरक पडला. टिक्स यानं मुळापासून जात नाहीत, काहींना औषधही लागतं. चालू औषध मात्र डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. आणि मुलाला टोकणं आजच थांबवा. ताणाने टिक्स वाढतात.