गुदामाच्या पन्हळींची निगा

ठाण्यातील मानपाडा येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. अशा जागी पाने, काटक्या व धूळ गुदामाच्या पन्हळीत साचतात आणि पाणी खाली नेणाऱ्या नळाचे तोंड बुजते.

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडल्यास एक लिटर पाणी जमते. म्हणजेच २०० चौरस मीटर छपरावर १०० मिलिमीटर पावसाचे २०,००० लिटर पाणी होते. त्यास वाट न मिळाल्यास ते आत शिरते. धान्यास बुरशी येते, बियाणे उगवणीस निकामी होते व युरिया विरघळतो.

याकरिता मे महिन्याच्या अखेरीस पन्हळी साफ कराव्यात. कचरा नळात न लोटता टोपलीत भरावा. पाला कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावा. नंतर बादलीभर पाणी ओतून नळ वाहतो की नाही, ते पाहावे. नळाच्या तोंडावर तारेची जाळी बसवावी. पावसाळ्यात दर पंधरवड्यास व प्रत्येक वादळानंतर, पाऊस थांबल्यावर, तपासणी करावी.

सिमेंटचा पत्रा माणसाच्या भाराने फुटतो. त्यावर कधीही पाय ठेवू नये. काम शिडीवरूनच करावे व शिडी धरण्यास दुसरा माणूस असावा. धान्य पुन्हा पिकविता येते. गेलेला माणूस परत येत नाही.