हात गेला, काम का जावे?



या पानावर आपण बीपी, साखर, बाळंतपण, लसीकरण यांविषयी बोलत असतो. या वेळी कामाविषयी बोलायचे आहे. हा आरोग्याचा विषय कसा, असे कोणाला वाटेल. पण वस्तीत फिरताना आम्ही एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली आहे. अपघाताने माणसाचा हात किंवा पाय जातो, ती जखम दोन-तीन महिन्यांत भरते. काम गेल्याची जखम मात्र भरत नाही. माणूस घरात बसतो, बोलायचा थांबतो, कधी दारूकडे वळतो. बायको दोन ठिकाणी रोजाने जाते. थोरल्या मुलीची शाळा सुटते. एका हातापायी सगळे घर अपंग होते.

आधी आमची स्वतःची चूक सांगतो. आम्ही आंबेगाव तालुक्यात परिचारिका म्हणून नोकरीला होतो, तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी पिकअपमधून एका तरुणाला आणले. वैरण कापताना उजवा हात कडबाकुट्टीत गेला होता. बरोबर त्याची बायको होती आणि मालकाचा माणूस होता. डॉक्टर रक्त थांबवण्यात गुंतले होते. केसपेपर आमच्या हातात होता. "कसं झालं?" आम्ही विचारले. मालकाचा माणूस पटकन म्हणाला, "घरी पडला, तेवढंच लिहा." बायको खाली मान घालून उभी होती. आम्ही तसेच लिहिले आणि रुग्णाला पुण्याला पाठवले.

काही महिन्यांनी ती बायको आमच्याकडे आली. म्हणाली, "सिस्टर, वकील म्हणतात कागदावर घरी पडल्याचं लिहिलंय. आता भरपाई कुणाकडं मागायची?" आमच्याकडे उत्तर नव्हते. मनगटापासून हात गेला होता. मालकाने "एका हातानं तू काय करणार?" म्हणून कामावरून काढले होते. शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने सरकारची अपघात अनुदान योजना आहे. त्यात एक हात किंवा पाय गेला तर १ लाख, दोन गेले तर २ लाख रुपये मिळतात. पण ती सातबारावर नाव असलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरातल्या एका माणसासाठी आहे. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्या शेतमजुराचा हात त्या योजनेत बसत नाही. आपल्या वस्त्यांत बहुतेक घरे अशीच आहेत.

त्या एका ओळीने आम्हाला नोकरीच्या बाहेरचे काम करायला लावले.

तो कामावर परत कसा गेला

सुमारे वर्षाने त्या वस्तीतल्या महिला मंडळाच्या बायकांनी विषय हातात घेतला. त्यांची टोळी नारायणगावच्या बाजाराला जाणाऱ्या टोमॅटोची तोडणी आणि निवड करायची. त्यांनी मुकादमाला सांगितले, याला घ्या. मुकादम म्हणाला, "क्रेट कोण उचलणार?" प्रश्न खरा होता. मग बायका आणि आम्ही बसून कामाचे तुकडे पाडले. तोडणी, वाहतूक, निवड, मोजणी, गाडीत भरणे. पाचातली दोन कामे त्याला जमत नव्हती. तीन जमत होती, पण जमिनीवर उकिडवे बसून नव्हे. एका हाताच्या माणसाचा बसता-उठता तोल जातो. म्हणून चार रिकामे क्रेट उलटे ठेवून त्यावर फळी टाकली आणि कमरेच्या उंचीचे टेबल केले. खर्च काही आला नाही.

मुकादमाने अर्धा रोज सांगितला. त्यावर एक आजी म्हणाली, "आठ दिवस त्यानं निवडलेले क्रेट मोजा, मग रोज ठरवा." आठ दिवस मोजले. पहिले तीन दिवस तो मागे होता, नंतर बाकीच्यांच्या बरोबरीने आला. पूर्ण रोज सुरू झाला. पुढे गाड्यांचा हिशेब लिहायचे कामही त्याच्याकडे आले. डाव्या हाताने लिहायला तो घरी मुलीच्या वहीत शिकला. सगळे सुरळीत झाले असे नाही. काही रात्री त्याचा नसलेला हात दुखतो. हे भास नाही आणि वेडही नाही, हात-पाय गेलेल्या पुष्कळांना असे होते आणि त्यावर औषधे आहेत. ते दुखले की दुसऱ्या दिवशी खाडा होतो. पण तो कामाचा माणूस आहे आणि घरात बोलतो.

आपल्याकडची कामे, आपल्याकडच्या सोयी

सोय म्हटले की लिफ्ट आणि मोठ्या कचेऱ्या डोळ्यांपुढे येतात. जुन्नर-आंबेगावात आपली कामाची जागा म्हणजे टोमॅटोचा शेतबांध, कांद्याची बराख, बटाट्याची काढणी, रोपवाटिका, बाजार समितीचे आवार, उसाचा फड, वीटभट्टी. तिथेही सोय करता येते.

पायाने अधू असलेल्यांना रोपवाटिकेत ट्रे भरणे, बी टाकणे, बराखीत कांदा निवडणे ही कामे उंच फळीवर आणि बसायला स्टूल दिले तर पूर्ण वेळ जमतात. चाकाच्या खुर्चीत किंवा तीनचाकीवर दिवसभर बसणाऱ्याने दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग थोडे उचलावे, नाहीतर बैठकीला जखमा होतात. त्या जखमांनी माणूस महिनोन् महिने अंथरुणाला खिळतो.

ऐकू न येणाऱ्याला बाजाराच्या आवारात सर्वांत मोठा धोका मागे येणाऱ्या टेंपोचा असतो. त्याच्या अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट असावे आणि गाडी मागे घेताना एकाने हाताने खूण करावी. थांब, चल, सरक एवढ्या चार-पाच खुणा सगळ्या टोळीने शिकाव्यात.

कमी दिसणाऱ्यासाठी पायरीच्या कडेला, ओट्याच्या कडेला चुन्याची किंवा पिवळ्या रंगाची जाड रेघ ओढावी. रोजची वस्तू रोजच्या जागी ठेवावी.

कुष्ठरोगातून बरे झालेल्यांच्या हातापायांना बधिरपणा राहतो. औषध पूर्ण झालेल्या माणसापासून आजार पसरत नाही, तेव्हा त्याच्याशेजारी बसून काम करायला भिऊ नका. त्याने मात्र अनवाणी फिरू नये, गरम भांडे कापडाने धरावे आणि रोज रात्री तळवे पाहावेत. दुखत नाही म्हणून जखम नाही असे नसते.

सिकलसेल असलेल्यांना बाहेरून काही दिसत नाही, म्हणून लोक त्यांना कामचुकार म्हणतात. विदर्भातल्या आपल्या कितीतरी बौद्ध घरांत हा आजार आहे आणि कामासाठी पुण्याच्या बाजूला आलेली घरेही आहेत. त्यांना वारंवार पाणी प्यायला मिळाले पाहिजे. भर उन्हातले आणि कडाक्याच्या थंडीतले काम टाळले पाहिजे आणि दुखणे उठले तर बसायची मुभा पाहिजे.

फिट येणाऱ्याला विहिरीजवळ, चुलाण्याजवळ, यंत्रावर काम देऊ नका. बाकीचे काम द्या. फिट आली तर त्याला एका कुशीवर वळवा आणि डोक्याखाली मऊ काही ठेवा. तोंडात चमचा घालू नका. चप्पल किंवा कांदा हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा.

आणि बायकांविषयी. पायाने अधू असलेली आमची एक ताई कामावर दिवसभर पाणीच पीत नव्हती. कारण संडास लांब, तोही उकिडवा बसायचा. तिला सारखी लघवीची जळजळ आणि ताप. गोळ्यांनी ती बरी होईना. जवळ आडोसा केला आणि मधे भोक पाडलेली जुनी प्लास्टिकची खुर्ची ठेवली, तेव्हा ती पाणी पिऊ लागली आणि ताप थांबला.

कायदा काय म्हणतो

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कामगाराच्या शरीराची जबाबदारी मालकाने आणि सरकारने घेतली पाहिजे, हा विचार त्यांच्या त्या कामात दिसतो. आपल्या संविधानाच्या कलम ४१ मध्ये बेकारी, म्हातारपण, आजारपण यांच्याबरोबर अपंगत्वाचाही उल्लेख आहे. अशा वेळी कामाचा, शिक्षणाचा आणि मदतीचा हक्क मिळावा म्हणून राज्याने आपल्या कुवतीप्रमाणे तरतूद करावी, असे ते कलम सांगते.

१९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते २१ झाले. सिकलसेल, थॅलेसेमिया, ॲसिड हल्ल्यातील जखमी हे त्यात आले. सरकारी नोकरीतले आरक्षण ३ टक्क्यांवरून ४ टक्के झाले. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आले तर त्या कारणाने काढता येत नाही, पगार न घटवता दुसरे काम द्यावे लागते. खाजगी आस्थापनेलाही समान संधीचे धोरण जाहीर करावे लागते. वीस किंवा अधिक कामगार असतील तर कोणती कामे दिव्यांगांना योग्य आहेत आणि सोयी कोणत्या दिल्या आहेत, हेही त्यात लिहावे लागते. आपली मुले जिथे कामाला जातात त्या कारखान्याला, दूध डेअरीला, शीतगृहाला हे धोरण दाखवा म्हणून विचारता येते.

बांधावरच्या मजुराला हा कायदा पुरेसा पोचत नाही, हे खरे आहे. तिथे मुकादम आणि टोळीच कायदा. म्हणून टोळीने बोलले पाहिजे.

खडकीला क्वीन मेरी टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. १९१७ साली सुरू झालेली ही संस्था जायबंदी जवानांना धंद्याचे शिक्षण देते. मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पदक सगळ्यांना माहीत आहे. त्यांना पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी होती, हे फारसे कोणी बोलत नाही. पदकाने सत्कार होतो, घर नोकरीने चालते. आपल्या समाजात फौजेत गेलेली माणसे पुष्कळ आहेत. जवानाच्या हातापायाची काळजी घेतली जाते ते योग्यच आहे. देशाला जेवू घालताना गेलेला मजुराचा हातही तेवढ्याच मोलाचा आहे.

हे लक्षात ठेवा

१. कामावर अपघात झाला तर जखम स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा, हात वर ठेवा. हळद, माती, रॉकेल लावू नका. तुटलेले बोट किंवा हात ओल्या स्वच्छ कापडात, मग प्लास्टिकच्या पिशवीत आणि ती पिशवी बर्फावर ठेवून बरोबर न्या.

२. दवाखान्यात खरे सांगा. "अमुक यांच्याकडे कामावर असताना, अमुक यंत्रात" असे केसपेपरवर लिहून घ्या आणि वाचून पाहा. पोलिसांकडे नोंद करा. कामावरच्या अपघाताची भरपाई मालकाने द्यायची हा कायदा १९२३ पासून आहे, पण तो कागदावर चालतो.

३. वकिलाला पैसे नसतील तर जुन्नर किंवा घोडेगावच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे जा. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, स्त्रीला आणि दिव्यांगाला उत्पन्न कितीही असले तरी वकील मोफत मिळतो.

४. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा. तपासणी पुण्यात औंधच्या जिल्हा रुग्णालयात किंवा ससूनमध्ये होते. लांब पडते, रोज बुडतो, पण ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र असल्याशिवाय आरक्षण नाही आणि एसटीची ७५ टक्के सवलतही नाही.

५. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेत उभे राहून विचारा, मागच्या वर्षी तो कशावर खर्च झाला?

६. रोजगार हमीच्या कामावर दिव्यांगांना पाणी वाटणे, मुले सांभाळणे, रोपे लावणे अशी जमणारी कामे आणि इतरांइतकीच मजुरी द्यायची आहे. अर्धा हात म्हणून अर्धी मजुरी, असा नियम कुठेही नाही.

आपल्या घरापासून

मालकाला विचारण्याआधी स्वतःलाही विचारू. आपल्या विहाराला किती पायऱ्या आहेत? कठडा आहे का? आपल्या वस्तीतली चालू न शकणारी आजी शेवटची वंदनेला कधी आली होती? जयंतीच्या कमिटीत एकतरी दिव्यांग आहे का, की त्याला फक्त व्यासपीठावर बोलावून शाल देतो? शाल नको, काम द्या. वर्गणीचा हिशेब द्या, माईक द्या.

बाबासाहेबांच्या शेवटच्या वर्षांत मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने त्यांना आधाराशिवाय चालणे अवघड झाले होते, नजरही मंदावली होती. त्याच काळात त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ पुरा केला. हातात काठी होती, खांद्याला आधार होता आणि लिहिलेले टाइप करून द्यायला नानकचंद रत्तू होते. सोय म्हणजे एवढेच. माणसाला जे जमते ते करता यावे म्हणून जे जमत नाही तेवढ्यापुरता दुसऱ्याने हात लावायचा.

या महिन्यात प्रत्येक महिला मंडळाने आपल्या वस्तीतली घरे फिरावीत आणि एका वहीत लिहावे: घरात दिव्यांग कोण आहे, आधी काय काम करत होता, आता काय करू शकेल, प्रमाणपत्र आहे का. वही तयार झाली की आम्हाला बोलवा. आम्ही येऊ आणि कामाचे तुकडे पाडायला तुमच्याबरोबर बसू. या वेळी कागदावर खरे तेच लिहू.

जयभीम. नमो बुद्धाय.