न जाळणारा अग्नी : ख्रिस्ती उपासनेतील एक प्रतीक

अग्नीशी आपला परिचय जन्मापासूनचा. देवघरातील समई, चुलीतील निखारा, लग्नातील होम आणि अखेरची चिता, असा तो आयुष्यभर आपल्या सोबतीला असतो. ऋग्वेदाचा आरंभच अग्नीच्या नावाने होतो. पारशी बांधवांच्या अग्यारीत तो अखंड तेवत ठेवलेला असतो. त्यामुळे एखाद्या चर्चमध्ये गेल्यावर वेदीवर जळणाऱ्या मेणबत्त्या पाहून आपल्याला नवल वाटत नाही. देव तेथे दिवा, असे मनाशी म्हणून आपण पुढे जातो.

परंतु त्या लहानशा ज्योतीमागे एक फार जुनी विचारपरंपरा उभी आहे, आणि एका महत्त्वाच्या बाबतीत ती आपल्या ओळखीच्या अग्निपूजेहून निराळी आहे. वैदिक यज्ञात अग्नी स्वतः देवता आहे. इतर देवांना हवी पोहोचविणारे ते त्यांचे मुखही आहे. बायबलमध्ये अग्नी देव नाही. जल, वारा, मेघ यांप्रमाणे तोही सृष्टीचाच एक भाग. मात्र देव जवळ आल्याची खूण म्हणून तो वारंवार प्रकट होतो. ही खूण कशी ओळखावी आणि तिचा उपयोग कोणी, कशासाठी करावा, हा प्रश्न बायबलमध्ये पुन्हा पुन्हा येतो. या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाले तेव्हा काय घडले, हेही इतिहासाने पाहिले आहे.

या प्रतीकाचे मूळ चित्र ‘निर्गम’ या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. मोशे मिद्यान देशात आपल्या सासऱ्याची मेंढरे चारीत असतो. होरेब डोंगरापाशी त्याला एक झुडूप पेटलेले दिसते. ते जळत असते, पण जळून जात नाही. हे काय आश्चर्य म्हणून तो जवळ जातो, तेव्हा पायांतले जोडे काढण्याची आज्ञा होते आणि झुडपातून देव त्याच्याशी बोलतो. आपल्या नेहमीच्या अग्नीला सर्पण लागते. तो दुसऱ्याला खाऊन जगतो आणि खाण्यास काही उरले नाही की विझतो. होरेबच्या अग्नीला झुडपाची भूक नाही. तो झुडपात राहतो आणि झुडूप झुडूपच राहते. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. हा अग्नी मोशेला तेथेच पूजा करीत बसवीत नाही. मिसरात गुलामीत पिचणाऱ्या लोकांना सोडविण्यासाठी पाठवितो. स्कॉटलंडच्या चर्चने आपल्या बोधचिन्हासाठी हेच न जळणारे झुडूप निवडले आहे.

पुढे इस्राएल लोक मिसर सोडून रानातून निघाले, तेव्हा दिवसा मेघस्तंभ आणि रात्री अग्निस्तंभ त्यांना वाट दाखवीत होता, असे वर्णन आहे. सीनाय पर्वतावर नियमशास्त्र दिले गेले, तेव्हा पर्वत भट्टीसारखा धुमसत होता. त्यानंतर दर्शनमंडप उभा राहिला आणि अग्नी वेदीवर आला. मराठी बायबलमध्ये तेथील अर्पणांसाठी ‘होम’ हा आपल्या परिचयाचा शब्द येतो, तर धूप जाळण्याच्या पात्राला ‘धुपाटणे’ म्हटलेले आढळते. ‘लेवीय’ या पुस्तकात याजकांना स्पष्ट आज्ञा आहे की, वेदीवरचा अग्नी कधीही विझू देऊ नये. रोज सकाळी राख काढावी आणि नवी लाकडे रचावी. आपल्याकडील अग्निहोत्राची येथे आठवण व्हावी. मात्र पहिली अर्पणे वाहिली गेली तेव्हा वेदीवरचे होम भस्म करणारा अग्नी परमेश्वरासमोरून निघाला, असे त्याच पुस्तकाच्या नवव्या अध्यायात सांगितले आहे. अग्नी देवाचा आणि लाकडे रचण्याचे कष्ट माणसाचे, अशी ही वाटणी आहे.

या वाटणीचा भंग लगेच दहाव्या अध्यायात होतो. अहरोनाचे दोन पुत्र, नादाब आणि अबीहू, धुपाटण्यांत आपला अग्नी घेऊन देवासमोर जातात. असा अग्नी आणण्याची आज्ञा नव्हती. परमेश्वरासमोरून अग्नी निघतो आणि दोघेही मरतात. आजच्या वाचकाला ही कथा कठोर वाटेल, आणि ती आहेच. पण तिच्यातील इशारा ध्यानात घेतला पाहिजे. हे दोघे परके नव्हते. अभिषेक झालेले याजक होते. आपण पेटविलेल्या आगीला देवाची आग म्हणण्याचा मोह सर्वांत आधी देवघरातल्या माणसालाच होतो.

अग्नीविषयीचा हाच सावधपणा एलीया संदेष्ट्याच्या चरित्रात दिसतो. कर्मेल डोंगरावर बाल देवतेच्या साडेचारशे संदेष्ट्यांसमोर एलीया वेदी रचतो, तिच्यावर चार घागरी तीन वेळा, म्हणजे बारा घागरी पाणी ओततो, आणि तरीही आकाशातून अग्नी उतरून सर्व काही भस्म करतो. प्रसंग विजयाचा आहे. पण पुढच्याच अध्यायात हाच एलीया जीव वाचविण्यासाठी पळत होरेबला पोहोचतो. तेथे प्रथम प्रचंड वारा सुटतो. देव वाऱ्यात नसतो. मग भूकंप होतो. देव त्यातही नसतो. मग अग्नी येतो, आणि देव अग्नीतही नसतो. अग्नीनंतर एक अगदी मंद, शांत स्वर येतो, आणि तो ऐकून एलीया आपल्या झग्याने तोंड झाकून घेतो. मोशेने ज्या डोंगरावर अग्नी पाहिला, त्याच डोंगरावर एलीयाला समजते की अग्नी म्हणजे देव नव्हे.

संदेष्ट्यांच्या लिखाणात अग्नी आणखी अंतर्मुख होतो. यशयाला मंदिरात दर्शन घडते, तेव्हा एक सराफ वेदीवरचा निखारा चिमट्याने उचलून त्याच्या ओठांना लावतो. (हा ‘सराफ’ म्हणजे आपला पेढीवरचा सराफ नव्हे, ‘जळणे’ या अर्थाच्या हिब्रू धातूशी जोडला जाणारा तो एका स्वर्गीय प्राण्याचा वाचक शब्द आहे.) निखाऱ्याने यशयाचे ओठ पोळले असे वर्णन नाही, त्याचे पाप दूर झाले असे आहे. यिर्मयाने गप्प राहण्याचा निश्चय केला, तर देवाचे वचन हाडांत कोंडलेल्या अग्नीसारखे त्याला असह्य झाले. मलाखी देवाला चांदी शुद्ध करणाऱ्या कारागिराची उपमा देतो. मुशीत चांदी तापते, हीण निघून जाते आणि चांदी उरते. तिला नष्ट करणे हा कारागिराचा हेतूच नसतो. तो मुशीजवळ बसून राहतो, हे मलाखीने मुद्दाम सांगितले आहे. होरेबचे झुडूप आणि मुशीतील चांदी ही एकाच विचाराची दोन चित्रे होत.

इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले आणि तेथील वेदीचा अग्नी कायमचा विझला. ख्रिस्ती उपासनेत पशूंचे होम मुळातच नव्हते. मग अग्नी गेला कोठे? ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा दुसरा अध्याय याचे उत्तर देतो. पन्नासाव्या दिवसाच्या सणाला, म्हणजे पेन्टेकॉस्टला, येशूचे शिष्य एकत्र जमले असता अग्नीसारख्या जिभा दिसल्या आणि त्या प्रत्येकावर एकेक बसल्या. पूर्वी वेदीवर उतरणारा अग्नी आता माणसांवर उतरला. आणि कोणाचा केसही जळला असे लेखक म्हणत नाही. त्या दिवशी देशोदेशीचे लोक तेथे होते. त्या सर्वांना एकच भाषा येऊ लागली, असे मात्र घडले नाही. प्रत्येकाने शिष्यांचे बोलणे आपापल्या मातृभाषेत ऐकले. दोन भाषांच्या शेजारात वाढलेल्या आपल्यासारख्या वाचकांनी हा तपशील नजरेआड करू नये. खरा अग्नी भाषा जाळीत नाही. तो त्या उजळतो.

आता चर्चमधील प्रत्यक्ष विधींकडे वळू. ईस्टरच्या आदल्या रात्री कॅथलिक चर्चमध्ये सर्व दिवे मालवले जातात. बाहेर नवा अग्नी पेटवून धर्मगुरू त्याला आशीर्वाद देतात. त्यावरून पास्काची मोठी मेणबत्ती लावतात. तिच्यावर क्रूस, ग्रीक वर्णमालेतील पहिले व शेवटचे अक्षर आणि चालू सालाचे आकडे कोरलेले असतात. ख्रिस्ताच्या पाच जखमांची खूण म्हणून धूपाचे पाच दाणेही तिच्यात बसविता येतात. ही एकच ज्योत अंधाऱ्या चर्चमध्ये नेली जाते, आणि तिच्यावरून एकमेकांच्या मेणबत्त्या लावीत लोक सारे चर्च उजळतात. कित्येक शतके हा विधी शनिवारी सकाळीच उरकला जात असे, आणि भर उजेडात त्याचा अर्थ हरवत असे. पोप बारावे पायस यांनी १९५१ मध्ये तो पुन्हा रात्री करण्याची मोकळीक दिली आणि १९५५ च्या सुधारणेने तो नियमच झाला.

वर्षभराच्या इतर विधींतही हा अग्नी वेगवेगळ्या रूपांत भेटतो. बाप्तिस्म्याच्या वेळी पास्काच्या मेणबत्तीवरून लहान मेणबत्ती लावून बालकाच्या पालकांच्या हाती देतात. पवित्र भाकर ठेवलेल्या पेटीजवळ एक दिवा सतत तेवत असतो. आपल्या नंदादीपाशी त्याचे साम्य सहज जाणवते. निखाऱ्यांवर टाकलेल्या धुपाचा वर चढणारा धूर ही प्रार्थनेची खूण. राखेच्या बुधवारी कपाळाला लावण्याची राख गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली असते. पेन्टेकॉस्टच्या दिवशी धर्मगुरूंची वस्त्रे तांबडी असतात. अनेक प्रॉटेस्टंट पंथांनी मेणबत्त्या व धूप बाजूला सारले, कारण खुणेलाच लोक देव मानू लागतील ही भीती त्यांना वाटली. एलीयाची कथा आठवली म्हणजे ही भीती निराधार नव्हती हे पटते.

महाराष्ट्राच्या इतिहासातही या प्रतीकाचा एक विलक्षण प्रसंग नोंदलेला आहे. पुण्याजवळच्या केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी निराधार स्त्रियांसाठी मुक्ती मिशन चालविले होते. जून १९०५ मध्ये तेथे प्रार्थनेची मोठी लाट उसळली. त्या वेळच्या वृत्तांतानुसार, एका रात्री एका मुलीभोवती अग्नी दिसला म्हणून तिची सोबतीण पाण्याची बादली आणण्यास धावली. पाणी ओतणार तोच ती मुलगी जळत नसल्याचे तिच्या ध्यानात आले. हा अनुभव कोणी कसाही मानो. पाणी आणण्यास धावणारी ती मुलगी मात्र अगदी खरी वाटते, कारण आग दिसली की माणसाने हेच करावयाचे असते.

सगळ्यांनी तसे केले नाही, हे येथे सांगणे भाग आहे. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशनचे न्यायालय स्थापन झाले आणि मधली काही वर्षे वगळता १८१२ पर्यंत चालले. श्रद्धेच्या शुद्धीच्या नावाखाली तेथे माणसांचा छळ झाला आणि काहींना जिवंत जाळण्यात आले. प्रा. अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहून कागदपत्रांनिशी तो इतिहास मांडला. या कृत्याचा न्याय करण्यासाठी बाहेरचा कायदा शोधण्याची गरज नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एका शमरोनी गावाने येशूला थारा नाकारला, तेव्हा याकोब आणि योहान या शिष्यांनी त्या गावावर आकाशातून अग्नी पाडण्याची परवानगी मागितली. एलीयाचे उदाहरण त्यांच्या मनात असावे. येशूने वळून त्यांनाच धमकावले, आणि सर्वजण दुसऱ्या गावी निघून गेले. एवढे स्पष्ट उदाहरण समोर असताना ज्यांनी चिता पेटविल्या, त्यांनी नादाब आणि अबीहू यांचाच अग्नी हाती घेतला होता.

कोणत्याही धर्माच्या माणसाला उपयोगी पडावी अशी कसोटी या सर्व कथांतून हाती येते. एखाद्या उत्साहाला देवाचा अग्नी म्हणण्यापूर्वी त्याने काय केले ते पाहावे. त्याने झुडूप राखले की जाळले? चांदी उरली की राख? ईस्टरच्या रात्री एका ज्योतीवरून शेकडो मेणबत्त्या लागतात आणि मूळ ज्योत तसूभरही कमी होत नाही. शेजाऱ्याची मेणबत्ती लावताना माणसाला आपला हात थोडा कलता करावा लागतो, एवढेच.